फोटोत निळी, हातात आली तर मोरपंखी! ऑनलाइन दुकानासाठी प्रॉडक्ट फोटोचं बॅकग्राउंड कसं निवडायचं?

“फोटोत निळी होती, आली ती हिरवट.” ऑनलाइन साड्या विकणाऱ्या कुणालाही विचारा, हे वाक्य त्यांनी एकदा तरी ऐकलेलं असतं. विक्रेता शपथेवर सांगतो की साडी तीच आहे. ग्राहक स्क्रीनशॉट पाठवून सांगतो की फोटोत रंग वेगळा होता. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. साडी तीच असते आणि फोटोत रंग खरंच वेगळा दिसत असतो. घोळ होतो तो साडीच्या मागे अंथरलेल्या चादरीमुळे.

हा घोळ स्वस्तात पडत नाही. समजा, एका साडीमागे सगळा खर्च जाऊन तुमच्या हातात २५० रुपये उरतात. साडी परत आली आणि जाण्या-येण्याचं कुरिअर प्रत्येकी ८० रुपये पडलं, तर १६० रुपये गेले. म्हणजे पुढची साडी विकून मिळणाऱ्या २५० रुपयांतले जेमतेम ९० रुपये तुमचे. वर घडी मोडलेली साडी पुन्हा इस्त्री करायची, पुन्हा पॅक करायची. आणि ज्या ग्राहकाला रंगात फसल्यासारखं वाटलं, तो पुन्हा येईल याची खात्री नाही.

त्यामुळे बॅकग्राउंड निवडताना “काय छान दिसेल?” हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा: या बॅकग्राउंडवर माझी वस्तू जशी आहे तशी दिसते का? हे ठरवायचं कसं, ते एकेक करून पाहू.

बॅकग्राउंड नेमकं करतं काय?

दुकानात गेल्यावर आपण वस्तू हातात घेतो, उजेडात धरतो, उलटून पाहतो, वजनाचा अंदाज घेतो. मोबाईलच्या स्क्रीनवर यातलं काहीच करता येत नाही. ग्राहकाकडे फक्त फोटो असतो, आणि त्यातली वस्तू सोडून बाकी जे काही दिसतं ते सगळं बॅकग्राउंड.

ग्राहक त्यावरून नकळत चार गोष्टी ठरवतो. वस्तूचा रंग कोणता, तिची कड कुठे संपते, ती केवढी आहे आणि तिच्यासोबत आणखी काय मिळणार आहे. चौथी गोष्ट बरेच जण विसरतात. लाडवांचा फोटो चांदीच्या ताटात काढला की “ताट पण येतं का?” असा मेसेज हमखास येतो. हसू येतं, पण विचारणाऱ्याची चूक नसते. फोटोत जे दिसतं ते विकायला आहे असंच तो समजणार.

मोरपंखी निळी का दिसते?

यामागे तीन वेगवेगळी कारणं आहेत. एक आपल्या डोळ्यांचं, दुसरं कॅमेऱ्याचं आणि तिसरं उजेडाचं.

डोळ्यांची गोष्ट जुनी आहे. फ्रान्समध्ये मिशेल युजीन शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. पॅरिसच्या गोबेलिन्स या प्रसिद्ध विणकाम कारखान्यात रंगाईचा विभाग त्यांच्याकडे होता. तिथे तक्रार आली की काळा रंग पुरेसा गडद उतरत नाही. शेव्हरल यांनी तपासलं, तर रंगात खोट नव्हती. काळ्या धाग्याच्या शेजारी जे रंग विणले जात होते, त्यांच्यामुळे तो फिका वाटत होता. शेजारशेजारचे रंग एकमेकांचं दिसणं बदलतात, हे त्यांनी १८३९ साली पुस्तकात सविस्तर मांडलं.

हाच नियम तुमच्या फोटोला लागू होतो. मोरपंखी म्हणजे निळा आणि हिरवा यांच्या मधला रंग. तो नारिंगी चादरीवर ठेवला की जास्त निळा वाटतो. तोच निळ्या चादरीवर ठेवला की जास्त हिरवा वाटतो. पिवळ्या भिंतीसमोरची जांभळी साडी झगझगीत दिसते, करड्या भिंतीसमोर तीच शांत दिसते. साडीचा एक धागाही बदललेला नसतो.

आता कॅमेरा. मोबाईलचा कॅमेरा फोटो काढताना खोलीतला उजेड कोणत्या रंगाचा आहे याचा अंदाज बांधतो आणि त्यानुसार रंग दुरुस्त करतो. याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. फ्रेमचा मोठा भाग एकाच भडक रंगाचा असेल, तर हा अंदाज चुकू शकतो. सगळीकडे नारिंगी दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं, खोलीत पिवळा बल्ब लागलाय. मग तो फोटोत निळेपणा वाढवतो. तो निळेपणा चादरीवर येतो तसा साडीवरही येतो. डोळ्यांनी आधीच निळी दिसणारी साडी आता खरोखर निळी होते.

कॅमेऱ्याची दुसरी सवय उजेडाच्या प्रमाणाची. फ्रेममधला एकूण उजेड साधारण मध्यम करड्याच्या आसपास आणायचा त्याचा प्रयत्न असतो. म्हणून पांढऱ्याशुभ्र कागदावर वस्तू ठेवली की कागद मळकट दिसतो आणि वस्तू काळवंडते. काळ्या कापडावर ठेवली की उलट होतं: कापड राखाडी दिसतं आणि वस्तू फिकटते. हल्लीचे फोन याबाबत बरेच हुशार झालेत, पण पांढऱ्यावर पांढरं किंवा काळ्यावर काळं ठेवलं की त्यांचीही गडबड होते.

तिसरं कारण उजेडाचं. बॅकग्राउंडवर पडलेला उजेड तिथेच थांबत नाही, उसळून वस्तूवर येतो आणि येताना बॅकग्राउंडचा रंग घेऊन येतो. लाल चादरीवर मोत्यांची नथ ठेवून बघा, मोती खालच्या बाजूने गुलाबी दिसतील. केळीच्या पानावर ओल्या नारळाच्या वड्या ठेवल्या की कडेला हिरवट झाक येते. सोन्याचा मुलामा दिलेला दागिना गडद लाल कापडावर ठेवला की तांबूस दिसतो, आणि “हे सोनेरी नाही, तांब्यासारखं आहे” अशी तक्रार येण्याची सोय होते.

म्हणून रंग हाच ज्या वस्तूचा मुख्य मुद्दा आहे, म्हणजे साड्या, ड्रेस मटेरियल, लोकर, रांगोळीचे रंग, लिपस्टिक, त्यांच्या पहिल्या फोटोसाठी पांढरं, फिकट करडं किंवा मोतिया बॅकग्राउंड सर्वांत सुरक्षित. या रंगांना स्वतःचं फारसं म्हणणं नसतं.

मग सगळीकडे पांढरंच वापरायचं का?

हे तुम्ही कुठे विकता यावर अवलंबून आहे.

मोठ्या मार्केटप्लेसवर निवड फारशी तुमच्या हातात नसते. ॲमेझॉनचा मुख्य फोटोचा नियम स्पष्ट आहे: बॅकग्राउंड शुद्ध पांढरं हवं, म्हणजे लाल, हिरवा, निळा या तिन्हींचं मूल्य २५५. वस्तूने फ्रेमचा किमान ८५ टक्के भाग व्यापलेला हवा. मुख्य फोटोवर वेगळा मजकूर, लोगो, वॉटरमार्क नको आणि जे विकायला नाही ते दिसायला नको. वापरात असलेली वस्तू दाखवायची असेल, तर ती पुढच्या फोटोंमध्ये. बाकीच्या मार्केटप्लेसचेही आपापले नियम आहेत आणि ते बदलत असतात, त्यामुळे फोटो काढायला बसण्याआधी विक्रेत्यांसाठीचं पान वाचून घ्यावं.

पांढऱ्याचाच आग्रह का, तर तिथे एका पानावर शेकडो विक्रेत्यांच्या वस्तू ओळीने लागतात. प्रत्येकाने आपापल्या घरातली चादर दाखवली तर ते पान जत्रेसारखं दिसेल. पांढऱ्यावर तुलना सोपी जाते.

इन्स्टाग्रामवर गणित वेगळं आहे. तिथे लोक खरेदीच्या विचाराने आलेले नसतात, अंगठ्याने भराभर वर सरकत असतात. नुसत्या पांढऱ्यावरचा फोटो कॅटलॉगसारखा वाटतो आणि निसटतो. तिथे संदर्भ हवा: तुळशीवृंदावनाजवळची पणती, पाटावर मांडलेला फराळ, खांद्यावर घेतलेला दुपट्टा. पण इथेही एक पथ्य आहे. तुमच्या प्रोफाइलवर सगळे फोटो लहान चौकटींत एकत्र दिसतात. प्रत्येक फोटोचं बॅकग्राउंड वेगळं असेल तर ते दुकान वाटत नाही. दोन, फार तर तीन बॅकग्राउंड ठरवा आणि तीच वापरा. काही दिवसांनी लोक नाव वाचायच्या आधीच तुमचा फोटो ओळखतात.

व्हॉट्सॲपवर आणखी एक अडचण असते. एरवी पाठवतो तसा फोटो पाठवला की तो दाबला जातो, त्याचे बारकावे कमी होतात. शिवाय बहुतेक लोक तो कॅटलॉगमध्ये किंवा स्टेटसमध्ये अगदी लहान आकारात पाहतात. बारीक नक्षीचं, ठिपक्यांचं किंवा फुलांचं बॅकग्राउंड तिथे चिखलासारखं होतं आणि वस्तू त्यात बुडते. इथे साधं, एकरंगी बॅकग्राउंडच चालतं. बऱ्याच जणांच्या फोनवर डार्क मोड असतो, हेही लक्षात घ्या. तिथे पूर्ण काळं बॅकग्राउंड स्क्रीनमध्ये मिसळून जातं आणि पांढरंशुभ्र डोळ्यांवर येतं. फिकट करडं किंवा मोतिया दोन्हीकडे नीट दिसतं.

थोडक्यात, एका वस्तूचा एकच फोटो काढून तो सगळीकडे टाकू नका. चार फोटोंचा संच करा. पहिला साध्या बॅकग्राउंडवर, वस्तू काय आहे आणि कोणत्या रंगाची आहे हे सांगणारा. दुसरा वापरात असलेला. तिसरा जवळून, वीण, पोत किंवा कारागिरी दाखवणारा. चौथा आकार कळावा म्हणून, हातात धरलेला किंवा सगळ्यांना माहीत असलेल्या वस्तूशेजारी ठेवलेला. मग जिथे जो लागेल तो वापरा.

कोणत्या वस्तूला कोणतं बॅकग्राउंड?

साड्या आणि कपडे: पैठणीसारख्या साडीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, तेव्हा ती धूपछांव दिसते. कोन बदलला की रंग बदलतो. अशा साडीचा एकच फोटो कुठल्याही बॅकग्राउंडवर अर्धवटच माहिती देणार. फिकट करड्यावर दोन वेगळ्या कोनांतून दोन फोटो द्या आणि खाली दोन्ही रंगांची नावं लिहा. पांढऱ्या कुर्त्याला मात्र पांढरं बॅकग्राउंड नको, त्याची कडच दिसत नाही. तिथे करडं, मातकट किंवा फिकट निळसर करडं घ्या.

चांदी, तांबं, पितळ: चकाकणारी वस्तू आरशासारखी असते. चांदीच्या करंड्याचा फोटो म्हणजे त्या करंड्यात दिसणाऱ्या खोलीचा फोटो. त्यात तुमचा लाल टीशर्ट, पंखा, खिडकीचे गज, हातातला मोबाईल, सगळं दिसतं. त्यामुळे इथे मागच्या कागदाइतकंच महत्त्व आजूबाजूला आणि समोर काय आहे याला आहे. वस्तूच्या दोन्ही बाजूंना पांढरे कागद उभे करा, खिडकी आणि वस्तू यांच्या मध्ये बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपर लावा. इतकं केल्यावर चांदी पांढऱ्यात हरवली, तर फ्रेमच्या बाहेर दोन्ही बाजूंना काळ्या कागदाच्या पट्ट्या उभ्या करा. त्यांचं प्रतिबिंब पडून वस्तूला रेघ मारल्यासारखी कड येते. तांब्याचा हंडा किंवा पितळी समई करड्या दगडी फरशीवर उठून दिसते. पिवळट लाकडावर पितळ बुडतं.

दागिने: काळसर ऑक्सिडाइज्ड दागिन्याला फिकट बॅकग्राउंड, सोनेरी दागिन्याला गडद. मखमल उजेड शोषून घेते, म्हणून काळी मखमल खरोखर काळी दिसते आणि तिच्यावर ठुशी किंवा कोल्हापुरी साज खुलतो. पण जवळून काढलेल्या फोटोत मखमलीवरचा प्रत्येक तंतू आणि धुळीचा कण दिसतो. फोटोआधी बोटांना सेलोटेप उलटी गुंडाळून ती मखमलीवर फिरवा, कचरा निघून येतो. लहान दागिन्यांखाली छापील लाकडाच्या किंवा संगमरवराच्या नक्षीचे कागद वापरताना जरा जपून. चिमुकल्या कुड्यांखाली बोटभर रुंद रेषा आल्या की कुड्यांचा आकारच कळत नाही.

खाद्यपदार्थ: इथे रंगाबरोबर ताजेपणाही दिसायला हवा. पिवळा चिवडा केळीच्या पानावर छान दिसतो. तपकिरी चकली गडद लाकडी पाटावर गायब होते, ती फिकट कापडावर किंवा पांढऱ्या ताटलीत ठेवा. पोह्याचे पापड, कुरडया, साबुदाण्याच्या चिकवड्या अशा पांढुरक्या वाळवणाला सुपाचा किंवा गडद कापडाचा आधार द्या. स्टीलचं ताट टाळा, त्यात छत दिसतं. आणि जुन्या जमान्याचा लूक यावा म्हणून वर्तमानपत्रावर भजी किंवा फरसाण मांडू नका. छपाईची शाई अन्नाला लागू नये म्हणून पदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत, असं एफएसएसएआय सांगत आलं आहे. फोटो पाहणाऱ्या जाणत्या ग्राहकाच्या मनात तुमच्या स्वच्छतेबद्दलच शंका येईल.

काच आणि द्रव पदार्थ: कोकम सरबत, मध, काकवी, तेल यांचा रंग उजेड आरपार गेल्यावरच दिसतो. गडद बॅकग्राउंडवर मध काळा दिसतो. बाटलीच्या मागे बटर पेपर लावून पलीकडून उजेड येऊ द्या. मधाचा सोनेरी आणि कोकमाचा लाल रंग लगेच उजळतो. बाटलीच्या कडा पुसट वाटल्या, तर चांदीला वापरलेली काळ्या पट्ट्यांची युक्ती इथेही चालते. फक्त समोरून थोडा उजेड लेबलवर पडू द्या, नाहीतर नाव वाचता येणार नाही.

रंगीबेरंगी वस्तू: सावंतवाडीची लाकडी फळं आणि खेळणी, गोधड्या, तोरणं यांच्यात मुळातच भरपूर रंग असतात. त्यांच्यामागे रांगोळी, फुलं आणि भरजरी कापड नको. मोतिया किंवा करडा कागद पुरेसा आहे. जितकी वस्तू बोलकी, तितकं बॅकग्राउंड गप्प.

घरच्या घरी कसं करायचं?

स्टुडिओ लागत नाही. एक खिडकी, एक टेबल आणि स्टेशनरीच्या दुकानातले तीन-चार मोठे कागद लागतात. चकचकीत कागद घेऊ नका, त्यावर खिडकीचा पट्टा उमटतो. मॅट कार्डशीट घ्या: एक पांढरी, एक फिकट करडी, एक मोतिया आणि एक गडद. शिवाय पांढरा सनबोर्डचा तुकडा.

थेट ऊन येत नाही अशी खिडकी निवडा. ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा. टेबल असं ठेवा की उजेड वस्तूवर बाजूने पडेल. कार्डशीटचं वरचं टोक भिंतीला किंवा खुर्चीच्या पाठीला चिकटवा आणि खालचं टोक टेबलावर पुढे ओढा, मध्ये घडी न पाडता. भिंत आणि टेबल यांच्यातला कोपरा दिसेनासा होतो आणि वस्तूमागे सलग रंग येतो. खिडकीच्या विरुद्ध बाजूला सनबोर्ड उभा करा, म्हणजे अंधाऱ्या बाजूलाही थोडा उजेड जाईल.

घरातली ट्यूबलाइट आणि बल्ब बंद करा. खिडकीचा उजेड एका रंगाचा, बल्बचा दुसऱ्या. दोन्ही एकत्र आले की वस्तूची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळट होते, आणि ते नंतर दुरुस्त करणं फार कठीण. उभी वस्तू मागच्या कागदापासून निदान दीड-दोन फूट पुढे ठेवा. तिची सावली मागे पडत नाही आणि रंगीत कागदाची झाकही वस्तूवर कमी येते.

मोबाईलची लेन्स पुसा. जवळ जाऊन काढण्यापेक्षा दोन पावलं मागे सरकून २एक्स वर काढा. अगदी जवळून साध्या लेन्सने काढलेल्या फोटोत बरणीचं पोट फुगतं. स्क्रीनवर वस्तूवर बोट दाबून धरा, बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथे लॉक होतो. मग बोट वर सरकवून उजेड वाढवता येतो. पांढऱ्या बॅकग्राउंडवर थोडा वाढवा, काळ्यावर थोडा कमी करा.

रंगाची खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे पहिल्या फोटोत वस्तूशेजारी झेरॉक्सचा पांढरा कागद ठेवा. फोटोत तो कागद पांढरा दिसला तर वस्तूचा रंगही बरोबर असण्याची शक्यता जास्त. कागद निळसर किंवा पिवळट दिसला, तर एडिटिंगमध्ये तो पांढरा होईपर्यंत रंग दुरुस्त करा आणि तीच दुरुस्ती त्या जागी, त्याच उजेडात काढलेल्या बाकीच्या फोटोंना लावा.

ॲपने बॅकग्राउंड काढलं तर?

हल्ली बॅकग्राउंड काढायला एक टॅप पुरतो. आयफोनमध्ये २०२२ साली आलेल्या आयओएस १६ पासून फोटोतली वस्तू बोट दाबून उचलता येते. इतर ॲप्सही भरपूर आहेत. वेळ वाचतो, पण तीन ठिकाणी डोळे उघडे ठेवा.

एक, कडा. पदराचे गोंडे, क्रोशाची जाळी, नथीची तार, काचेची बरणी इथे ॲप गोंधळतं. जाळीतली भोकं बुजतात, तार तुटते. ग्राहकाला मिळणारी वस्तू मग फोटोपेक्षा वेगळी असते.

दोन, झाक. लाल चादरीवर काढलेल्या फोटोतून चादर कापता येते, पण तिने वस्तूवर टाकलेला लाल उजेड तसाच राहतो. पांढऱ्यावर आणल्यावर तो अजूनच खटकतो. म्हणून “नंतर बॅकग्राउंड काढायचंच आहे, कशावरही काढू फोटो” असं करू नका. काढायचं असलं तरी मूळ फोटो पांढऱ्या किंवा करड्यावरच काढा.

तीन, सावली. कापलेली वस्तू सावलीशिवाय हवेत तरंगते. ॲपमध्ये हलकी सावली देण्याची सोय असेल तर वापरा, मात्र उजेड ज्या बाजूने आला त्याच्या विरुद्ध बाजूलाच ती पडली पाहिजे.

एआयने बनवलेल्या बॅकग्राउंडचं प्रकरण थोडं अधिक नाजूक आहे. तुमच्या पणतीमागे वाड्याचा दिंडी दरवाजा, दिव्यांची आरास, सगळं मिनिटात तयार होतं. अडचण दोन गोष्टींची. काही टूल्स बॅकग्राउंड बनवताना वस्तूलाही हात लावतात: काठावरच्या मोरांची चोच बदलते, बुट्ट्यांची संख्या बदलते, रंग सरकतो. आणि आकार बिघडतो: चार इंचांची मूर्ती देवघरात दीड फुटांची दिसायला लागते. एआय वापरा, पण मूळ फोटो शेजारी ठेवून वस्तू जशीच्या तशी आहे ना हे मोठं करून तपासा. आणि पहिला फोटो खराच ठेवा.

कायदा काय सांगतो?

“फोटो फक्त माहितीसाठी आहे” असं खाली लिहिलं की सुटलो, असा अनेकांचा समज असतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार वस्तूची जाहिरात तिच्या प्रत्यक्ष गुणधर्मांशी जुळणारी असली पाहिजे. जाहिरातीत दाखवल्याप्रमाणे वस्तू नसेल, तर ती परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. कधीतरी घरातली जुनी वस्तू विकणाऱ्याला हे नियम लागू नाहीत, पण नियमितपणे व्यवसाय म्हणून विकणाऱ्याला आहेत, मग दुकान घरातल्या एका खोलीतून का चालत असेना.

“स्क्रीननुसार रंगात थोडा फरक पडू शकतो” ही ओळ खरी आहे आणि ती जरूर लिहा. प्रत्येक फोनची स्क्रीन रंग थोडा वेगळा दाखवते. पण निळी सांगून मोरपंखी देण्याइतका फरक त्या ओळीत बसत नाही. रंग शब्दांतही लिहा: “निळा” असं मोघम न लिहिता “हिरवट झाक असलेला मोरपंखी” लिहा. मराठीत आमसुली, डाळिंबी, अबोली, चिंतामणी, मोतिया असे रंगांचे नेमके शब्द आहेत आणि साडी घेणाऱ्या बायकांना ते स्क्रीनपेक्षा चांगले कळतात. फोटोत सजावटीला काही ठेवलं असेल, तर “ताट आणि फुलं विक्रीसाठी नाहीत” हेही लिहा.

फोटो टाकण्याआधी हे पाच प्रश्न

१. वस्तू हातात घेऊन फोटोशेजारी धरली, तर रंग तोच दिसतो का? हे खिडकीजवळ पाहा, रात्री बल्बखाली नाही.

२. फोटो नखाएवढा लहान केला तरी वस्तू काय आहे ते कळतं का?

३. वस्तूची कड सगळीकडून दिसते, की कुठे बॅकग्राउंडमध्ये विरघळते?

४. वस्तू केवढी आहे याचा अंदाज निदान एका फोटोवरून येतो का?

५. फोटोत असं काही आहे का, जे ग्राहकाला मिळणार नाही पण मिळेल असं वाटेल?

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर खटकलं, तर बॅकग्राउंड बदलून पुन्हा काढा. दहा मिनिटांचं काम आहे, परत आलेलं पार्सल सोडवण्यापेक्षा नक्कीच कमी.

आणि शेवटची परीक्षा घरातल्याच माणसाकडून करून घ्या, मात्र ज्याने ती वस्तू अजून पाहिलेली नाही अशाकडून. फक्त फोटो दाखवा आणि विचारा: रंग कोणता, केवढी असेल, सोबत काय काय येईल? मग वस्तू त्यांच्या हातात द्या. “अरे, हिचा रंग असा आहे होय!” असं त्यांच्या तोंडून निघालं, तर ग्राहकाच्या तोंडूनही तेच निघणार आहे. फोटो अजून टाकलेला नाही, तोवर बॅकग्राउंडचा कागद बदलून घ्या.